नीटसाठी अकरावी कुठे? क्लासआधी पाहा बारावी कोणत्या राज्यातून होणार

दहावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्यातील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते : डॉक्टर व्हायचे तर अकरावीला प्रवेश घ्यायचा कुठे? उमरखेड, पुसदच्या पालकांना नांदेड, लातूर जवळचे. वणीकरांना नागपूर सोयीचे. पांढरकवडा तर नागपूर-हैदराबाद महामार्गावरच, त्यामुळे हैदराबादचाही विचार होतो. काही जण थेट कोटा गाठतात. मात्र क्लास ठरवण्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. बारावी कोणत्या राज्यातील कॉलेजातून होणार?

राज्य बदलले तर काय होते?
राज्य सरकारच्या मेडिकल कॉलेजांत एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर ८५ टक्के राज्य कोट्यातून भरतात. राज्य कोट्यासाठी महाराष्ट्राचे डोमिसाइल तर लागतेच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण असावी लागते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत. इतरांनी बारावी तेलंगणा किंवा राजस्थानातून केली, तर यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासह राज्यभरातील या ८५ टक्के जागांवर पाणी सोडावे लागते.

‘टायअप’ कॉलेजचे काय?
नाव कॉलेजात आणि दिवसभर क्लासमध्ये, असा हा प्रकार. पण बारावीला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट आहे. एमबीबीएसच्या पात्रतेसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, तर राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण हवेत. त्यामुळे कॉलेजात प्रयोगशाळा आहे का, प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. जीवशास्त्र कोण शिकवते, हेही विचारा. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण याच विषयाचे असतात.

प्रवेश क्लास मिळवून देतो का?
नाही. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन होतात. पसंतीक्रम स्वतः भरा आणि कॉलेजचे नाव पोर्टलवर तपासा.

क्लास मध्येच सोडला तर फी बुडते?
केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण फी भरलेल्या विद्यार्थ्याने क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी. त्यात हॉस्टेल आणि मेसचे पैसेही येतात. रँकची हमी देण्यासही मनाई आहे. म्हणून प्रत्येक हप्त्याची पावती घ्या आणि परताव्याची अट प्रवेशाच्या दिवशीच लेखी मागा.