वजन अडकलं की आठवडा मांडायचा

(नवघर, भाईंदर पूर्व येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांना दिलेली उत्तरे.)

आज आपण बोलणार आहोत ते पहिली चढण संपलेल्या माणसाबद्दल. जिमला लागून वर्ष होत आलं. सुरुवातीला दर खेपेला रॉडवर थोडं वजन वाढत होतं. रिकाम्या २० किलोच्या रॉडपासून निघालेला स्क्वॉट बघता बघता १०० किलोवर आला. आणि मग थांबला. दोन महिने झाले, १०० म्हणजे १००च.

इथे माणूस सहसा तीनपैकी एक वाट धरतो. जिम सोडतो. किंवा तीन दिवसांचे सहा दिवस करतो आणि महिन्याभरात खांदा नाहीतर कंबर धरून बसतो. किंवा कपडे बदलताना कुणीतरी कानात सांगतं, 'एक कोर्स मार, सगळं सुटेल.' हा कोर्स म्हणजे स्टेरॉइडची इंजेक्शनं. त्याने शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं मंदावतं आणि हृदयावर ताण येतो. आणि ज्या अडचणीसाठी ते घेतलं जातं, ती बहुतेक वेळा वेळापत्रकाची असते. एवढं पटलं तरी आजचं बोलणं कारणी लागलं असं आम्ही समजू.

मध्यम टप्पा कशाला म्हणायचं?

किती किलो उचलता यावरून हे ठरत नाही. ठरतं ते किती दिवसांत सावरता यावरून. व्यायाम शरीराला ताण देतो. खाणं आणि झोप तो ताण भरून काढतात, आणि भरून काढताना शरीर थोडं जास्त ताकद राखून ठेवतं. नवख्या माणसाचं हे चक्र दोन दिवसांत पूर्ण होतं. म्हणून तो सोमवारी ५० किलो, बुधवारी ५२.५, शुक्रवारी ५५ असं चढू शकतो.

पण ताकद वाढली की दोन गोष्टी होतात. शरीराला आणखी बदलायला लावायचं तर ताण मोठा लागतो, आणि मोठा ताण भरून यायला दोन दिवस पुरत नाहीत. दर खेपेला जोर लावला तर थकवा साठतो. जोर कमी केला तर शरीराला बदलायचं कारणच उरत नाही. यातून वाट एकच: हिशोब दिवसाचा नाही, आठवड्याचा ठेवायचा.

हा विचार नवा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करी डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे स्नायू सुधारण्यासाठी पायरीपायरीने वजन वाढवण्याची पद्धत मांडली. पुढे १९७६ साली बिल स्टार या प्रशिक्षकाने फुटबॉलपटूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात आठवड्याचे जड, हलका आणि मध्यम असे तीन दिवस पाडले. आज आपण बघणार आहोत ती मांडणी त्याच घराण्यातली.

आधी प्लेटा तपासा

टप्पा बदलला असं ठरवण्याआधी एक साधी गोष्ट बघा. बऱ्याच जिममध्ये सर्वात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की उडी थेट ५ किलोची. बेंच प्रेस ६० किलोवर असेल तर ही ८ टक्क्यांहून मोठी उडी झाली! वजन अडकलं नाही, पायरी उंच आहे. सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी बॅगेत ठेवा.

एका किलोची किंमत काय, हे सांगलीच्या संकेत सरगरला विचारा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात त्याने एकूण २४८ किलो उचलले. मलेशियाच्या अनिक कसदानने २४९. सुवर्ण आणि रौप्य यांच्यात एक किलो. त्याचा खेळ स्नॅच आणि क्लीन अँड जर्कचा, आपला स्क्वॉट-बेंचचा. पण लहान वाढीला हसू नये, हे दोन्हीकडे खरं.

आता आठवडा मांडू

समजा तुमचा स्क्वॉट ५ रेपसाठी कसाबसा १०० किलो जातो.

पहिला दिवस, भरपूर कामाचा. ९० किलो, ५ रेपचे ५ सेट. एकूण २,२५० किलो. ताण इथे द्यायचा. शेवटचा सेट कष्टाने जावा, पण पाठ गोल होता कामा नये.

दुसरा दिवस, हलका. ७२.५ किलो, ५ रेपचे २ सेट. एकूण ७२५ किलो, म्हणजे पहिल्या दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. इथेच लोकांचा हात शिवशिवतो. 'एवढं सोपं जातंय तर वाढवू की!' वाढवायचं नाही. हा दिवस हालचाल घोटण्याचा आणि सावरण्याचा आहे.

तिसरा दिवस, जड. नीट वॉर्मअप करून १०२.५ किलोचा एकच सेट, ५ रेपचा. आठवड्याची कमाई इथे वसूल होते. पुढच्या आठवड्यात पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी अडीच-अडीच किलो वाढवा.

बेंच आणि ओव्हरहेड प्रेस यांनाही हेच गणित, फक्त आलटून पालटून: एका आठवड्यात पहिला आणि तिसरा दिवस बेंचचा व मधला प्रेसचा, पुढच्या आठवड्यात उलट. डेडलिफ्ट मात्र आठवड्यातून एकदाच जड, ५ रेपचा एक सेट, तिसऱ्या दिवशी स्क्वॉटनंतर. कंबरेला स्क्वॉटचंही काम असतं, हे विसरू नका.

भाईंदरचा आठवडा

पुस्तकात पहिला दिवस सोमवारी असतो. आता नवघरहून चर्चगेटला नोकरीला जाणाऱ्या माणसाचा सोमवार बघा. सकाळी लोकलमध्ये उभं राहून जायचं, रात्री तसंच परत यायचं. त्यानंतर ५ सेट स्क्वॉट, ५ सेट बेंच, आणि प्रत्येक सेटनंतर तीन ते पाच मिनिटं विश्रांती. म्हणजे दीड तास. त्यात संध्याकाळी रॅकपुढे रांग!

म्हणून आम्ही अख्खा आठवडा एक दिवस अलीकडे सरकवायला सांगतो. भरपूर कामाचा दिवस रविवारी सकाळी, हलका मंगळवारी, जड गुरुवारी. अंतरं तीच राहतात: मोठ्या कामानंतर जड सेटपर्यंत चार दिवस, आणि जड सेटनंतर पुन्हा तीन दिवस. मंगळवारचं काम पाऊण तासात उरकतं. रविवारी जिम बंद असेल तर शनिवार, सोमवार, बुधवार. वार महत्त्वाचे नाहीत, अंतरं महत्त्वाची.

गुरुवारी वजन गेलं नाही तर?

वही काढा. वही नसेल तर आजच घ्या, कारण उत्तर रविवारच्या पानावर असतं. रविवारचे शेवटचे सेट रडतखडत गेले असतील, झोप मोडली असेल, तर थकवा जास्त झाला. रविवारचे ५ सेटचे ४ करा किंवा वजन ५ किलोने उतरवा. उलट, रविवार सहज गेला आणि तरी गुरुवारी अडलं, तर ताण कमी पडतोय. रविवारचं वजन अडीच किलोने वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि त्याला दोन आठवडे द्या. लागोपाठ दोन गुरुवार फसले तर दोन्ही दिवसांचं वजन १० टक्क्यांनी खाली आणा आणि पुन्हा चढा.

खाण्याबद्दल थोडक्यात. शरीराच्या दर किलोमागे रोज साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं हे चांगलं लक्ष्य आहे. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. शाकाहारी घरात हे डाळ-चपातीवर भागत नाही. दूध, दही, पनीर, हरभरा आणि सोया चंक्स मोजून घ्यावे लागतात. ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात.

आता चिठ्ठ्या.

'बायकांनाही हेच चालेल का?' हो ताई, चालेल. बेंच आणि प्रेसमध्ये वाढ अधिक लहान ठेवा, शक्य असेल तर एकेक किलोची. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ मध्ये ४५ किलो गटात १५३ किलो उचलून कनिष्ठ जागतिक अजिंक्यपद मिळवलं, आणि ते मिळवणारी ती पहिली भारतीय.

'वय ४८, रक्तदाबाची गोळी चालू आहे.' काका, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं तर रविवारी ५ ऐवजी ३ सेट, आणि वाढ दोन आठवड्यांतून एकदा.

'गणपतीत दहा दिवस खाडा होतो.' होऊ द्या. परत आल्यावर दोन आठवड्यांपूर्वीचं पान उघडा आणि तिथून सुरू करा. एरवी एखादा दिवस चुकला तर हलका दिवस सोडा, रविवार आणि गुरुवार राखा.

'एकट्याने बेंच करतो.' रॅकच्या आडव्या सेफ्टी दांड्या छातीच्या किंचित खाली लावून घ्या. त्या नसतील तर सपोर्टला माणूस बोलवा, लाजू नका.

शेवटी एवढंच. आठवड्याला अडीच किलो टिकले तर चार आठवड्यांत १० किलो होतात. दर आठवड्याला ते टिकणार नाहीत, मधेमधे अडेलच. अडलं की इंजेक्शनाकडे नाही, वहीकडे बघायचं.