इंटरनेटवरील चित्रप्रसारण : वाहतुकीचा भार कमी कसा होतो?

लखनौच्या आलमबाग भागातील १०० घरांत एकच क्रिकेट सामना इंटरनेटवरून पाहिला जात आहे, असे मानले आणि प्रत्येक घराला सेकंदाला २ मेगाबिट माहिती लागते, असे धरले, तर मूळ सर्व्हरला केवळ या वस्तीसाठी सेकंदाला २०० मेगाबिट माहिती पाठवावी लागेल. चित्र एकच, परंतु त्याच्या १०० प्रती बाहेरून वस्तीत येतात.

'पीअर टू पीअर' पद्धतीत प्रेक्षकाचा संगणक त्याला मिळालेले चित्रणाचे लहान तुकडे इतर प्रेक्षकांनाही पुरवतो. चीनमध्ये २००४ साली सुरू झालेल्या पीपीलाइव्ह सेवेने थेट प्रक्षेपणासाठी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली.

मात्र सर्व्हरचा भार हलका झाला, तरी जाळ्यावरील वाहतूक आपोआप घटत नाही. तुकडा देणारा संगणक कोणताही निवडला गेल्यास शेजारच्या घरात उपलब्ध असलेला तुकडा परदेशातून मागवला जातो. त्या लांबच्या मार्गाचा खर्च सेवा पुरवठादारावर पडतो आणि गर्दीच्या वेळी चित्र अडखळते.

त्यामुळे जवळचा संगणक निवडणे महत्त्वाचे ठरते. कोणता मार्ग जवळचा व स्वस्त आहे, ही माहिती सेवा पुरवठादाराने प्रणालीला पुरवावी, यासाठी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने २०१४ मध्ये 'आल्टो' हा मानक संकेत प्रसिद्ध केला. वरील उदाहरणात केवळ ५ घरांनी चित्रण बाहेरून घेऊन उर्वरित ९५ घरांना पुरवले, तर बाहेरून येणारी वाहतूक २०० वरून १० मेगाबिटवर येईल.

शेजारी घरांचे सेवा पुरवठादार वेगवेगळे असल्यास त्यांची जाळी जवळपास जोडलेली असणे आवश्यक असते. देशातील माहितीची देवाणघेवाण देशातच व्हावी, या हेतूने २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया अर्थात 'निक्सी' ही संस्था स्थापन झाली. तिचे केंद्र लखनौमध्येही आहे.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. केवळ शेजाऱ्यांवर विसंबल्यास एखादा तुकडा कोणाकडेच नसण्याची शक्यता असते. म्हणून काही दूरचे जोडीदारही राखले जातात. शिवाय ९५ घरांना लागणारे १९० मेगाबिट अखेर प्रेक्षकांच्याच जोडण्यांवरून पाठवले जातात. मोबाइलवर मर्यादित डेटा वापरणाऱ्यांना हा भार परवडणारा नसतो. त्यामुळे पाठवण्याचा वेग व प्रमाण यांवर मर्यादा घालण्याची सोय प्रेक्षकाच्या हाती असणे आवश्यक ठरते.