गुडघ्याचा दांडा

गाणे शिकविणाऱ्या माणसाने या पानावर शिवणयंत्राविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. पण दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तंबोरा आणि शिवणाचे मशीन एकाच खोलीत नांदत आले आहेत. तंबोऱ्यामुळे लोक आम्हांला ओळखतात. जेवलो मात्र पुष्कळ वर्षे मशीनच्या जिवावर.

माझे वडील बडोदे संस्थानच्या कलावंत कारखान्यात अगदी कोवळ्या वयात साथीला लागले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, तेव्हा ते जेमतेम विशीत होते. पुढे त्यांनी शिकवण्या केल्या, हौशी नाटकमंडळ्यांच्या तालमींना ऑर्गन वाजविला. मी जन्मलो तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. थोरली बहीण, आमची अक्का, माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या दिवसापासून माझी शाळेची फी, माझे गाणे आणि आईचे औषधपाणी हे सारे अक्काने आईच्या जुन्या पायमशीनवर शिवून काढले.

अक्का सुरुवातीला पोलकी, परकर शिवीत असे. पण तिचा हात खरा बसला तो गवसण्यांवर. गवसणी म्हणजे वाद्याचे अंगरखे. तबल्याची गवसणी कोणीही शिवील. तंबोऱ्याची शिवणे हे निराळे काम आहे. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेल. त्या तंबोऱ्यांचे भोपळे पंढरपुराकडच्या मळ्यांतून येतात. भोपळा हे फळ आहे, ते साच्यातून निघत नाही. त्यामुळे एकाचे माप दुसऱ्याला लागत नाही. अक्का भोपळ्याभोवती दोरी फिरवून माप घेते, आठ कळ्या कापते, आत पातळ कापूस घालून अस्तर लावते आणि त्या कळ्या एकमेकींना वळणावर जोडते. कसब सारे त्या वळणात आहे.

वळण कसे शिवतात, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. अमेरिकेत एलायस हौ याने १८४६ साली यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा कापड टाचण्यांनी एका पट्टीला टाचून उभे लोंबते ठेवावे लागे. १८५१ साली आयझॅक सिंगरने सुई उभी केली, कापड आडव्या फळीवर ठेवले आणि ते दाबून धरायला वरून एक स्प्रिंगचा पाय दिला. त्यालाच आपले शिंपी नुसते ‘फूट’ म्हणतात. १८५४ साली ॲलन विल्सनने खालून कापड पुढे सरकविणारे दाते बसविले. वरून फूट दाबतो, खालून दाते ओढतात. यंत्राचा सारा संसार या दोघांच्या मेळावर चालतो. पण सरळ शिवण संपून वळण आले, की सुई कापडात रुतलेली ठेवून फूट क्षणभर उचलावा लागतो, कापड किंचित फिरवावे लागते आणि फूट पुन्हा खाली सोडावा लागतो. त्यासाठी यंत्राच्या पाठीमागे एक लहानसा दांडा असतो. आठ कळ्यांच्या गवसणीत हे किती वेळा होत असेल, ते अक्काने कधी मोजलेले नाही. उजवा हात मागे जाई, दांडा वर, कापड वळे, दांडा खाली. ते तिच्या अंगवळणी पडले होते.

२०२२ च्या पावसाळ्यात अक्का जिन्यावरून घसरली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळले, पण मनगट ताठ राहिले. हात कापडावर ठेवता येतो, कापड सरकविता येते; मागे नेऊन दांडा उचलायचा म्हटले की मनगट फिरतच नाही. डाव्या हाताने उचलावे तर कापड कोण धरणार? कळ्या सुटत, कापूस चुरगळे, वळणाला चुणी पडे. एका विद्यार्थिनीची गवसणी तिने तीनदा उसवली आणि चौथ्यांदा घडी घालून खणात ठेवून दिली. त्यानंतर दोन महिने मशीनवर चादर पडली होती.

घरात मग उपाय निघू लागले. मी एका परिचिताचे विजेचे मशीन आठ दिवसांसाठी आणले. अक्काने ते मुकाट्याने चालवून पाहिले आणि म्हणाली, “अरे, हे पळतंय छान. पण फूट उचलायचा दांडा याच्याही मागेच आहे.” ही गोष्ट माझ्या ध्यानातही आली नव्हती! भंगारवाल्याने जुन्या मशीनच्या लोखंडाचा भाव सांगितला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मला नवीन मशीन नको रे. मला तिसरा हात हवा.”

तो तिसरा हात त्याच खोलीच्या कोपऱ्यात होता. वडिलांचा ऑर्गन आता वाजत नाही. भाता फाटला आहे. दसऱ्याला मी तो पुसून ठेवीत होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका शिष्याने पट्ट्यांखालच्या दोन लाकडी फळ्यांकडे बोट दाखवून विचारले, “सर, हे काय?” मी सांगू लागलो. ऑर्गन वाजविणाऱ्याचे दोन्ही हात सुरांवर असतात, दोन्ही पाय भात्यावर. मग आवाज लहानमोठा कशाने करावयाचा? त्यासाठी या फळ्या. उजवी गुडघ्याने बाहेर रेटली की आतली झडप उघडते आणि सूर मोठा होतो; गुडघा सैल सोडला की स्प्रिंगने फळी परत येते. डाव्या फळीने सगळे सूरसंच एकदम बोलतात. हे सांगता सांगता मीच थांबलो. हात गुंतलेले, पाय गुंतलेले, मोकळा राहिला तो गुडघा! अक्काची अडचण नेमकी हीच होती.

आमच्या मशीनवाल्या काकांना हे सांगितले, तेव्हा ते हसले. कारखान्यांतल्या मोठ्या शिलाई मशीनना असा गुडघ्याचा दांडा असतोच, म्हणाले. घरगुती मशीनला कोणी बसवून मागत नाही, इतकेच. मी ऑर्गनची फळी काढून देऊ लागलो, तर अक्का आडवी आली. “बाबांच्या वाद्याला हात लावायचा नाही. आणि आईच्या मशीनला भोक पाडायचं नाही.” या दोन अटी पाळून जे होईल ते करावयाचे ठरले. फळीचे माप कागदावर उतरवून सुताराकडून तशीच दुसरी करून घेतली.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो माझ्या हुशारीने. खालून एक उभी सळई वर आणून तिने दांडा ढकलावा, असे मी सुचविले होते. दांडा उचलला जाई उत्तम. परंतु शिवलेले कापड ज्या वाटेने मागे सरकते, त्याच वाटेत सळई खांबासारखी उभी. पहिलीच गवसणी तिला अडकली. गवई माणसाने यंत्रशास्त्रात फार डोके घालू नये, हे मी शिकलो.

दुसऱ्या खेपेस काकांनी मशीनच्या आडव्या हाताला, आत चामडे घालून, लोखंडी पट्टीचा कडा आवळला. त्याच्या पाठीमागच्या बाजूस तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी बसविली. तिचे डावे टोक लहान कडीने फुटाच्या दांड्याला जोडले. उजव्या टोकाला सायकलच्या ब्रेकची तार बांधली. ती तार मशीनच्या उभ्या खांबामागून, मेजातून खाली, नळीसकट लाकडी फळीपर्यंत नेली. फळी डाव्या गुडघ्याला ठेवली, कारण उजवीकडे मोठे चाक फिरते आणि तिथे लुगड्याला धोका. गुडघा डावीकडे रेटला की तार ओढली जाते, पट्टीचे उजवे टोक खाली आणि डावे वर जाते, फूट उचलला जातो. कापडाची वाट मोकळीच्या मोकळी. मेजाच्या लाकडाला एक भोक पडले, तेवढे अक्काने चालवून घेतले.

तरी एक खोच राहिली. दांडा पूर्ण वर गेला की तो तिथेच अडकून बसे. गुडघा सोडला तरी फूट खाली येईना. म्हणून फळीला अटकाव करणारा स्क्रू बसविला. तो फार आधी अडवू लागला, तर निराळीच पंचाईत. आमच्या मशीनमध्ये फूट जवळजवळ पूर्ण उचलला, तरच धाग्याचा ताण धरणाऱ्या चकत्या सैल होतात. त्या सैल झाल्या नाहीत, तर शिवण संपल्यावर कापड बाहेर ओढताना धागा ताठ राहतो आणि सुई वाकते. दोन सुया वाकल्याही. चकत्या सुटाव्यात, पण दांडा अडकू नये, अशी जागा मधे अगदी थोडी होती. दांड्याचा कंगोरा कानशीने घासून टाकू, असे काका म्हणाले. पण मग हाताने दांडा वर ठेवण्याची सोय कायमची गेली असती. मी म्हटले, दोन दिवस थांबा. जवारीचा दोरा घोडीवर केसभर सरकवून तार बोलती करणे, हा तर आमचा रोजचा उद्योग. संध्याकाळी शिकवणी संपली की मी मेजाखाली पेचकस घेऊन बसे, अक्का वर बसून गुडघा रेटी. “अजून नाही.” पाव फेरा. “आता अडकतोय.” अर्धा पाव मागे. तिसऱ्या संध्याकाळी तिने काही सांगितलेच नाही, ती शिवीतच राहिली. मी बाहेर आलो तेव्हा एक कळी जोडून झाली होती.

खणात घडी करून ठेवलेली ती गवसणी पुढच्या आठवड्यात पुरी झाली. वळणाला एक चुणी नाही. अक्काचे वय आज त्रेसष्ट आहे. मनगट ताठ आहे ते आहेच. पूर्वी आठवड्यात चार गवसण्या होत, आता दोन होतात. त्या दोनांचे पैसे ती माझ्या हाती न देता पूर्वीप्रमाणे मशीनच्या खणात ठेवते, आणि मीही ते विचारीत नाही.

आपल्या जुन्या घरांतून अशी कितीतरी काळी पायमशीने चादरी पांघरून उभी असतील. आम्ही अक्काला सहा महिने नवी यंत्रे दाखविली. तिला नेमके काय अडते, हे कोणी विचारले नाही. वाचकांनी भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी मशीनपाशी बसणाऱ्या बाईला तेवढे विचारावे. पुष्कळदा सारे बोटभर दांड्यापाशी अडलेले असते.