नवी की जुनी?

"काका, नवी घेऊ की जुनी?" पुतण्याने विचारलं. दोन दारांची स्पोर्ट्स कार हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न. हाताशी मात्र घरासाठी साठवलेली शिल्लक.

मित्रहो, विम्याच्या कोष्टकात चार वर्षं उलटलेली गाडी निम्म्या किमतीची धरतात. हा घसारा पहिल्या मालकाने सोसलेला असतो, म्हणून जुनी स्वस्त पडते. पण गाडीची किंमत निम्मी झाली, तरी तिचे टायर, ब्रेक, क्लच नव्याच्याच भावाने येतात. त्यात मॉडेलच बंद झालेलं असेल तर? १९९८ साली आलेली गोव्याची 'सॅन स्टॉर्म' आठवा. फायबरच्या त्या देखण्या गाडीचं उत्पादन केव्हाच थांबलं. आज तिची काच फुटली, तर आणायची कुठून?

मी त्याला म्हटलं, "जुनी बघ, पण आधी लिफ्टवर चढवून खालून बघ. पुण्याचे गतिरोधक ठेंगण्या गाडीला सोडत नाहीत. कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ माग. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नावावर झाल्याशिवाय गाडी आपली नाही. आणि किमतीचा पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. तो उरत नसेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही."

त्याने रात्री हिशेब मांडला. गाडी अजून आलेली नाही. घराचे पैसे जागेवर आहेत.