हाकेला ओ आली, पण दार उघडे आहे का?

कड्यासमोर उभे राहून तुम्ही हाक मारलीत आणि दोन सेकंदांनी प्रतिध्वनी आला, तर कडा सुमारे 340 मीटरवर आहे हे तुम्ही सांगू शकाल. पण त्या कड्यात गुहा आहे का, तिचे दार उघडे आहे का, हे प्रतिध्वनी सांगत नाही. संगणकांच्या जाळ्यातही असेच असते. 1983 साली अमेरिकेत माइक म्यूस यांनी ‘पिंग’ नावाची छोटी आज्ञावली लिहिली. सोनार यंत्राच्या आवाजावरून तिला हे नाव मिळाले. ती दूरच्या संगणकाला हाक घालते आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजते. मात्र पुष्कळ ठिकाणी अशा हाकेला ओ देणे मुद्दामच बंद ठेवलेले असते. आणि ओ आली तरी आपल्याला हवे ते दार उघडे असेलच असे नाही. हे मी पैसे मोजून शिकलो.

आमच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीला चुंबकाच्या एका गणिती प्रारूपाची आकडेमोड 40 निरनिराळ्या तापमानांना करायची होती. म्हणून आम्ही ‘क्लाउड’वरचे संगणक भाड्याने घेतले. (नाव फसवे आहे. ढगाचा काही संबंध नाही. मोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडलेले असतात, इतकेच.) तेथे कामांचा गठ्ठा, म्हणजे ‘बॅच’, सोपवायचा. प्रत्येक कामासाठी एक संगणक सुरू होतो आणि काम संपताच काढून घेतला जातो. संगणकच राहणार नाही, तर उत्तरे ठेवायची कोठे? त्यासाठी सर्वांचा मिळून एक सामाईक फाइलसाठा असतो.

रात्री कामे लावली. सकाळी पाहतो तो चाळीसच्या चाळीस कामे ‘चालू’ आणि साठा रिकामा! साठा जोडला गेला नाही तर पुन्हा प्रयत्न करीत राहा, असे आज्ञावलीत मीच लिहिले होते. भाडे मात्र रात्रभर चढत होते, आणि प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते.

मग मी त्याच केंद्रात आधी घेतलेल्या एका संगणकावरून साठा उघडून पाहिला. लगेच उघडला! मी निश्चिंत झालो, आणि येथेच चुकलो. त्या संगणकाला आत जायची परवानगी होती. रात्री नव्याने सुरू झालेल्या चाळिसांना ती आहे की नाही, हे या परीक्षेतून कसे कळणार? तेव्हा मी एक्केचाळिसावे काम पाठवले. त्यात आकडेमोड नव्हती, नुसती तपासणी होती.

प्रथम साठ्याच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता मिळतो का ते पाहिले. मिळाला. पुढे दार. एका संगणकाला क्रमांकांची पुष्कळ दारे असतात, त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. आमचा साठा ‘एनएफएस’ पद्धतीचा होता. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 1984 मध्ये काढलेल्या या पद्धतीचे दार 2049 क्रमांकाचे. ते ठोठावले.

आता नीट लक्ष द्या. आत ऐकणारे कोणी नसेल, तर ‘येथे कोणी नाही’ असा नकार बहुधा तत्काळ येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो; मग एकाच केंद्रातला नकार यायला कितीसा वेळ लागणार? पण वाटेवर फायरवॉल नावाचा पहारेकरी असेल, तर तो बहुधा ठोठावणे गिळून टाकतो आणि नकारही देत नाही. ठोठावणारा थांबतो, पुन्हा ठोठावतो. लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत ही थांबण्याची वेळ 1, 2, 4, 8, 16, 32, 64 सेकंद अशी दुपटीने वाढते. बेरीज करा: 127 सेकंद. आमचे एक्केचाळिसावे काम बरोबर तेवढाच वेळ गप्प राहिले. म्हणजे साठा बिघडलेला नव्हता, पहारेकऱ्याच्या यादीत आमच्या नव्या संगणकांचा गट नव्हता. यादीत एक ओळ घातली आणि दार उघडले.

तरी मी लगेच चाळीस कामे सोडली नाहीत. तपासणीच्या कामाला एक छोटी फाइल लिहायला, वाचायला आणि पुसायला सांगितली. लिहितानाच ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले! दार उघडले होते, पण फोल्डरचा मालक दुसराच वापरकर्ता होता. तेही दुरुस्त केले आणि संध्याकाळी कामे पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साठ्यात 40 फाइली होत्या.