बाटलीभर जॉर्डन

नोकरीनिमित्त जॉर्डनची राजधानी अम्मान येथे राहणारे एक मराठी दांपत्य शुक्रवारची सुटी साधून सकाळीच बाहेर पडले. पत्नीच्या पर्समध्ये एक रिकामी बाटली होती. वसईच्या ख्रिस्ती शेजारीणकाकूंनी परदेशी निघताना तिच्याकडे एकच मागणे मागितले होते, "येताना जॉर्डन नदीचं पाणी आण गं."

तीसेक किलोमीटरवरच्या मदाबा गावी सेंट जॉर्ज चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातील नकाशा आहे. रंगीत दगडी तुकड्यांच्या या नकाशातील जॉर्डन नदीत मासे पोहताना दिसतात. मृत समुद्राच्या तोंडाशी एक मासा तर चक्क माघारी वळलेला! जवळच नेबोचा डोंगर. बायबलमधील मोशेने येथूनच वचनदत्त भूमी पाहिली, पण तेथे पाऊल ठेवणे त्याच्या नशिबी नव्हते.

दुपारी दोघे नदीकाठी, अल मगतास येथे पोहोचले. येशूचा बाप्तिस्मा येथेच झाला, अशी श्रद्धा आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मनात गोदावरीचे पात्र घेऊन आलेले दोघे मात्र थबकले. वरच्या भागात पाणी वळवल्याने नदी ओढ्याएवढी उरलेली, तीही गढूळ. काही मीटरवर पलीकडचा काठ. तिथेही यात्रेकरू, पण मध्ये सीमा आणि दोन्हीकडे पहारा.

"असलं पाणी काकूंना कसं द्यायचं?" पतीने विचारले.

"नाशिकहून गंगा आणतो, तेव्हा आपण रंग बघतो का?" असे म्हणत तिने बाटली पाण्यात बुडवली.