सारसबाग ते सिंहगड: पायांतली खांदेपालट

सकाळी सारसबागेत फेऱ्या मारणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. चालण्याचा वेग हळूहळू वाढवत न्यायचा, पण पळायचं मात्र नाही. ताशी 7 किलोमीटरच्या आसपास नडगीच्या पुढचा स्नायू कुरकुरायला लागतो आणि पाय आपोआप पळू पाहतात. दर पावलाला पंजा वर उचलून धरायचं काम या स्नायूकडे असतं. झपझप चालताना तो मेटाकुटीला येतो. पळायला लागलात की त्याचा ताण खरोखरच उतरतो!

पोटरीची गोष्ट तर आणखी मजेदार आहे. स्नायू जितक्या घाईने आखडतो, तितका त्याचा जोर कमी पडतो. त्यामुळे भरभर चालताना मेंदू पोटरीला जास्त हुकूम सोडतो आणि बदल्यात रेटा मात्र कमी मिळतो. पळताना टाचेमागची अकिलीस कंडरा रबरासारखी ताणली जाऊन सुटते, पोटरीचे तंतू सावकाश आखडले तरी भागतं आणि जोर परत येतो. म्हणजे त्या वेगाला पळणंच पोटरीला सोयीचं.

नितंबाचा मोठा स्नायू हा शरीरातला सर्वांत मोठा. सपाट रस्त्यावर रमतगमत चालताना तो जवळजवळ स्वस्थ असतो. पर्वतीच्या पायऱ्या चढायला घ्या किंवा पळा, की लगेच कामाला लागतो. रोज फक्त सपाटीवर चालणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा तरी टेकडी चढावी, असं मला मनापासून वाटतं ते यासाठीच.

आता खऱ्या पळणाऱ्यांकडे येऊ. 1920च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले त्याची सुरुवात पुण्यात, डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतींतून झाली. जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळून एकोणिसावे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं, म्हणजे सरासरी ताशी 15 किलोमीटर. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2024 साली पॅरिसला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत संपवली. वाटेत 28 अडथळे आणि 7 पाणउड्या, तरी वेग ताशी 22! एक शतक मध्ये गेलं, पण दोघांचीही भिस्त मुख्यतः पोटरीवरच.

कारण ताशी 25 किलोमीटरपर्यंत वेग वाढतो तो प्रामुख्याने लांब ढांग टाकून, आणि ती ढांग मिळते पोटरीच्या रेट्यातून. पोटरीतला सोलियस हा स्नायू तेव्हा शरीराच्या वजनाच्या सहापटीहून जास्त बल सोसतो, असा संगणकी मॉडेलचा हिशेब आहे. ताशी 25च्या पुढे पाऊल जमिनीवर इतका कमी वेळ टेकतं की पोटरीला पुरेसा रेटा द्यायला सवडच मिळत नाही. मग पावलं भराभर टाकावी लागतात आणि सूत्रं कमरेभोवतीच्या आणि मांडीमागच्या स्नायूंकडे जातात. मांडीमागचा हॅमस्ट्रिंग दुखावतो तो बहुतेक वेळा पाय हवेत पुढे झेपावताना, जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी. उसेन बोल्टची 2017 मधली शेवटची शर्यत याच स्नायूने अर्ध्यात थांबवली.

आणि सिंहगड? आतकरवाडीतून चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. त्याचे तंतू बारीक बारीक दुखावतात आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतो, म्हणून रविवारी गड उतरलेल्याला मंगळवारी ऑफिसचा जिना नकोसा होतो. वेळापूरच्या अलीकडे माउलींच्या पालखीसोबतचे वारकरी उतारावर धावा करतात, तेव्हाही मांड्यांवर हाच मारा होतो. मात्र असा उतार एकदा पचवला की मांड्या काही आठवडे तो विसरत नाहीत: पुढच्या खेपेला तोच गड उतरा, ठणका पुष्कळ कमी असतो.